विळ्याची वाट पाहणारी कुसळी

मित्रांनो, खाली वाकून काय शोधताय? तुमच्या मोज्यात घुसून जे टोचतंय ना, ते माझं गेल्या वर्षीचं वाळलेलं बी आहे. काढा, खुशाल काढा, पण फेकताना शिवी तेवढी देऊ नका. शिव्या मी जन्मभर खात आले आहे. मी कुसळी, माळरानाचं गवत. माण तालुक्यात दहिवडीहून म्हसवडकडे जाताना जे खडकाळ माळ लागतात, त्यातल्या एका माळावर माझा जुना ठोंब आहे. पाय दुखत असतील तर त्या दगडावर बसा. मला मात्र बसायला सांगू नका. स्वस्थ राहणं मला जमतच नाही.

माझा स्वभावच तसा पडला. माझ्या बीला पुढे सुईसारखं टोक असतं आणि मागे लांब, काळपट कुसळ. हवा ओली झाली की त्या कुसळाचा पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा पीळ भरतो. असं गरागरा फिरत फिरत बी मातीत शिरतं. माती सापडली नाही तर मेंढीच्या लोकरीत शिरतं, घोंगडीत शिरतं, तुमच्या मोज्यात शिरतं. त्याला कुठेतरी घुसायचं असतं, एवढंच त्याला कळतं. यात माझं काय चुकलं?

पण माणसांनी माझं नाव ठेवलं ते नेमकं त्या कुसळावरून. आता तुम्हीच सांगा, एखाद्या पोराला वर्षातून एकदा खोकला येतो म्हणून त्याचं नाव कोणी खोकल्या ठेवतं का? वर तुमची ती म्हण आहेच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणे! भांडण तुमचं, आणि मधे विनाकारण मी.

मला भाद्रपदात बघावं, आत्ता बघताय तसं. आषाढात मी कोंब काढते आणि भाद्रपदात गुडघ्यापर्यंत येते. तेव्हा मी मऊ असते, रसाळ असते. मला खाऊन मेंढीला पान्हा फुटतो आणि कोकरं उड्या मारतात. पण हे दिवस थोडे. एकदा कणीस बाहेर पडलं आणि कुसळं कडक झाली की माझी मीच राहत नाही. म्हणून भाद्रपद लागला की माझा जीव खालीवर होतो. विळा येतो की नाही, विळा येतो की नाही, एवढं एकच माझ्या मनात असतं.

आमचा माळ तात्याबा आणि तानुबाई या धनगर नवराबायकोच्या घराकडे होता. कार्तिक सरला की त्यांचा कळप कृष्णाकाठी जायचा, कराड-इस्लामपूरच्या रानात. तिकडचे बागायतदार खतासाठी मेंढरं आपल्या शेतात बसवून घेत. पावसाच्या तोंडावर कळप माघारी यायचा. मग भाद्रपदात तानुबाई विळा घेऊन पुढे, तिची सून हरणाबाई मागे, आणि तानुबाईचा मुलगा सिद्धू भारे वाहायला. तानुबाई माझं एक पातं मोडायची, दाताखाली धरायची आणि म्हणायची, "औंदा लय ग्वाड हाय गं!" ते ऐकलं की मला विळ्याची धारसुद्धा सुखाची वाटायची. माझी गंज घराशेजारी रचली जायची. गाभण मेंढ्या, अशक्त कोकरं आणि बिऱ्हाड वाहणारं घोडं त्यावर जगायचं. असं माझं बरं चाललं होतं.

बेचाळीस साल उजाडलं. लढाई सुरू होती. सिद्धू साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला आणि घरी निरोप घ्यायला आला. तो गेला त्याच दिवशी तानुबाई माळावर आली. माझ्या ठोंबाला लागूनच बिरोबाचा दगड आहे. तिने त्याला भंडारा लावला, कपाळ टेकलं आणि मोठ्याने म्हणाली, "बिरोबा, माझा सिद्धू धडधाकट घरला येईस्तवर ह्या माळाला इळा लागायचा न्हाई, मेंढराचं त्वांड लागायचं न्हाई. माळ तुजा."

आमच्याकडे देवाला नवस बोलायचा तर आपल्याला सगळ्यात गोड असेल तेच बोलतात. तानुबाईला माळ गोड होता, तिने माळ बोलला. मी तर हुरळून गेले. आजवर मेंढ्यांसाठी होते, आता देवासाठी! त्या वर्षी मी कंबरेएवढी वाढले. येणारेजाणारे थांबून बघायचे. पण भाद्रपद आला आणि विळा आला नाही. माझी कणसं बाहेर पडली. कुसळं एकमेकींत गुंतून त्यांच्या काळ्या वेण्या झाल्या. मी आतल्या आत ओरडत होते, "अगं बाई, काप मला! आता नाही तर मग कधी?" पण गवताचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्रेचाळीस सालच्या आश्विनात, मानसिंगराव नावाचे एक साहेब घोड्यावरून आले. पुण्याला शेतकी शिकलेले. लष्कराच्या खेचरांसाठी सरकार चारा गोळा करत होतं, म्हणून ते गावोगाव माळ बघत फिरत होते. तात्याबा त्यांच्या घोड्याजवळ उभा राहिला. साहेबांनी माझं कोवळं कणीस तोडलं आणि मोठ्या कौतुकाने बोटांत फिरवलं.

"तात्याबा, या गवताला शास्त्रात काय म्हणतात ठाऊक आहे? हेटेरोपोगॉन."

"काय म्हन्लासा?"

"हेटेरोपोगॉन. ग्रीक भाषेतलं नाव. म्हणजे वेगळ्या दाढीचं."

तात्याबा पोट धरून हसला. "दाढी? आवं सायेब, बाईमानूस हाय ती!"

साहेबही हसले. मग त्यांनी कणीस त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे बघा. खालच्या दाण्यांना कुसळच नाही, साफ बोडके आहेत. वरच्यांना हे एवढं लांब. एकाच कणसात दोन तऱ्हा. म्हणून फार पूर्वी परदेशातल्या एका विद्वानाने या गवताच्या सगळ्या भावकीला हे आडनाव दिलं. आणि तुमच्या माळावरच्या जातीचं पुढचं नाव काँटॉर्टस, म्हणजे पीळ पडलेली."

"पीळ तर हाय," तात्याबा म्हणाला. "सुंब जळंल पर पीळ जायाचा न्हाई. आमच्या म्हातारीचीच भन म्हना की!"

मित्रांनो, मला त्या दिवशी काय वाटलं म्हणून सांगू! मला दाढी म्हटलेलं आवडलं नाही. आदल्या वर्षी हरणाबाईला माझ्यात वेणी दिसली होती, ती मला जास्त पटली होती. पण त्या परदेशी विद्वानाने माझ्या कणसाचा खालचा भागही बघितला होता. मी निम्मी बोडकी आहे, निरुपद्रवी आहे, हे त्याने नावात घातलं. इथे पिढ्यान् पिढ्या मला चरणाऱ्यांनी फक्त टोचणारी बाजू धरून ठेवली, आणि ज्याने हा माळ कधी पाहिला नाही त्याने दोन्ही बाजू मोजल्या. मला हसावं की रडावं ते कळेना.

साहेब म्हणाले, "आठवड्याच्या आत कापून घ्या. मग चारा कामातून जाईल."

"ठावं हाय सायेब. ह्या वाडीवर शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ते. पर माळ देवाला बोललाय. पोरगं लढाईवर हाय."

साहेबांनी टोपी काढली, बिरोबाच्या दगडाकडे पाहून नमस्कार केला आणि घोडं वळवलं. मी मात्र त्यांच्या पाठीकडे बघत तळमळत राहिले. माझ्या अंगात पीळ भरायला लागला होता.

त्या कार्तिकात व्हायचं तेच झालं. दोन वर्षांचं माझं बी वाऱ्याने सगळ्या शिवारभर पसरलं होतं. तात्याबाचा कळप माळावर येत नव्हता, पण आजूबाजूच्या रानात चरत होता आणि तिथेही आता मीच उगवले होते. माझी कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत अडकली, दवाने फिरली, उन्हाने फिरली आणि कातडीत शिरली. कोकरांच्या ओठांत घुसली, डोळ्यांत घुसली. तात्याबा आणि हरणाबाई दिवसभर चिमटा घेऊन बसायचे. तरी काही मेंढ्या जखमा चिघळून गेल्या. शेजारचे लोक बांधावर येऊन भांडू लागले, "तात्याबा, तुजा माळ समद्या शिवाराला खातोय!" तानुबाई ऐकून घ्यायची आणि आत जायची. तिच्या जिवाला एकच घोर होता. दिवाळीपासून सिद्धूचं खुशालीचं कार्ड आलं नव्हतं.

चव्वेचाळीस साली पावसाने ओढ दिली. भाद्रपद आला तेव्हा बाकीचं रान खरडून खाल्लेलं होतं. हिरवा होता तो एकटा आमचा माळ, कारण त्याला कोणाचं तोंड लागलं नव्हतं. माझं कणीस अजून पोटात होतं. थोडेच दिवस हातात होते. या दिवसांत विळा लागला तर कळप जगणार होता, नाही तर मीच पुन्हा त्याचा काळ होणार होते. माझ्या मुळांपर्यंत धडधड व्हायला लागली.

एका सकाळी हरणाबाई माळाच्या कडेला आली. काखेत एक कोकरू होतं, मान टाकलेलं. तानुबाई बिरोबापाशी होतीच.

"आत्याबाई, ह्येच्या आयला दूध न्हाई. चारा न्हाई तर दूध कुटनं यील? आता तरी इळा लावू द्या."

"देवाला बोललंय मी."

"आन् मेंढरं मेली म्हंजी?"

"तुला मेंढरांचं पडलंय. माजं प्वार हाय तिकडं!"

हरणाबाई एक पाऊल पुढे आली. "तुमचं प्वार हाय, तसा माजा दाल्ला न्हाई व्हय त्यो? मला का काळजी न्हाई? पर तवा मेंढरं माज्या पदरात टाकून गेल्यात ते. आल्यावर काय दावू त्यास्नी, मोकळा वाडा?"

तानुबाईचा चेहरा उतरला. ती दगडाकडे वळली. मग म्हणाली, "कौल लावते."

कौल म्हणजे देवाला विचारणं. तिने तरवडाच्या पिवळ्या पाकळ्या पाण्यात भिजवल्या, एक बिरोबाच्या उजव्या अंगाला चिकटवली आणि एक डाव्या अंगाला. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मग ती हात जोडून समोर बसली. मी शेजारीच होते, माझी पाती त्या दगडाला घासत होती. मला वाटत होतं की वाऱ्याने एकदाच जोर धरावा, मी त्या उजव्या पाकळीला जरासा धक्का लावीन! पण त्या दिवशी वारा पडलेला होता. ऊन चढलं. पाकळ्या दगडावरच वाळून बसल्या. उजवी पडेना, डावी पडेना.

"बिरोबा, बोल की रं," तानुबाई म्हणाली.

एवढ्यात हरणाबाईच्या काखेतलं कोकरू धडपडून खाली उतरलं. लटपटत ते माझ्याकडे आलं आणि देवाच्या दगडाला टेकून मला खाऊ लागलं. तानुबाईने काठी उचलली. हरणाबाई पुढे धावली. पण काठी वरच्या वर थांबली. कोकरू मान हलवत कचाकचा खात होतं, आणि तानुबाई त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती! मला तर वाटलं, आता माझं कणीस इथेच फुटतंय.

शेवटी तिने काठी खाली टाकली आणि दगडाशी बोलायला लागली. "तू धनगराचा द्येव. तुज्या म्होरं उपाशी कोकरू हाकलायचं, आन् तू माज्यावर खूश हुयाचं, असं कसं हुईल? आता ऐक. माळावरचा नवस मी माज्या अंगावर घेते. सिद्धू येईस्तवर पायात वहाण घालायची न्हाई. काय टोचायचं ते मला टोचू दे. काय रागवायचं ते माज्यावर रागव. त्याच्यावर न्हाई."

तिने वहाणा काढून देवापुढे ठेवल्या. हरणाबाई म्हणाली, "आत्याबाई, आवं ह्या माळावर? अनवाणी?" या माळावर दोन वर्षांची माझी कुसळं विखुरलेली होती, मित्रांनो. त्या बाईने ते जाणूनच पाय खाली ठेवला. मग सुनेला म्हणाली, "बघत काय हुबी ऱ्हायलीस? इळं आन."

त्या दिवशी विळा चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. तात्याबा, हरणाबाई, शेजारपाजारचे, सगळे आले. कालपर्यंत बांधावर भांडणारेसुद्धा भारे बांधत होते. मी आनंदाने कापली जात होते, पण माझी जुनी, वाळकी कुसळं तानुबाईच्या तळव्यात शिरत होती आणि मला ती आवरता येत नव्हती. ती थांबायची, पाय उचलायची, कुसळ उपटायची आणि पुन्हा विळा चालवायची. "लागलं का गं?" तात्याबाने विचारलं तर म्हणाली, "लागू द्या."

कळप जगला. दुधावर आलेल्या मेंढ्यांखाली कोकरं लुचताना मी गंजीतून पाहिली. हिवाळ्यात सिद्धूचं कार्डही आलं. गावातल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं, मी खुशाल आहे. सगळ्यांना हायसं वाटलं, पण तानुबाईने विचारलं, "खुशाल म्हंजी धडधाकट व्हय?" पुढच्या वर्षीही तिने अनवाणी पायांनी वेळेवर विळा लावला, पण पहिली मूठ कापण्याआधी बिरोबापुढे कपाळ टेकलं. आपण इकडे विळा ओढतोय आणि तिकडे पोराला काही होतंय, हा विचार तिला सोडत नव्हता. खरं सांगते, तो विचार माझ्याही मनातून जात नव्हता. माझ्या कापण्याने कोणाचं लेकरू जाणार असेल तर मी कशाला उगवावं?

सेहेचाळीस सालच्या भाद्रपदात कापणी ऐन रंगात असताना पायवाटेवर खाकी कपड्यातला एक माणूस दिसला. खांद्यावर ट्रंक होती. हरणाबाईने आधी ओळखलं. तिच्या हातातला भारा तिथेच पडला. "आलं! आत्याबाई, ते आलं!"

सिद्धू धावत आला आणि आईच्या पायाशी वाकला. वाकताना त्याचा डावा हात पुढे आला. त्या हाताची दोन बोटं नव्हती. तानुबाईने त्याला जवळ घेतलं नाही, रडली नाही. त्याचा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "कवा?"

"आये, आगं बरं झालंय आता. दुकत न्हाई."

"कवा झालं ते सांग!"

सिद्धूला तिचा आवाज समजेना. तो गोंधळून म्हणाला, "लय दिस झालं. त्रेचाळीस सालच्या दिवाळीत. इटलीत, नदी वलांडताना. मग खेचरांच्या तबेल्यावर ठिवलं मला. तू खंगशील म्हनून कार्डात घातलं न्हाई."

तानुबाई माझ्याजवळ मटकन खाली बसली. "त्रेचाळीस सालची दिवाळी," ती म्हणाली. "तवा तर माळ हुबा व्हता. इळा लागला नव्हता की रं! पातंबी मोडलं नव्हतं!"

आणि मग ती रडली. मी कधी ऐकलं नव्हतं असं मोठ्याने, ऊर बडवून रडली. कापल्यामुळे काही झालं नव्हतं. न कापल्यामुळे काही वाचलंही नव्हतं. "माजी मेंढरं उगंच मेली गं हरणे, उगंच मेली," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि सिद्धू उरलेल्या तीन बोटांनी तिची पाठ चोळत होता. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, विळा उचलला आणि सिद्धूकडे बघून म्हणाली, "भारा उचलाया येतोय न्हवं? मग हो म्होरं. कनीस भाईर पडाया झालंय."

मित्रांनो, तानुबाई आता नाही. मी आहे. मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही, पण एक मागणं आहे. जे जिवापाड आवडतं ते हात न लावता राखलं म्हणजे जपलं असं समजू नका. गवत असो, पुस्तक असो, नाही तर म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं राहिलेलं बोलणं असो, त्याची वेळ असते. ती निघून गेली की मऊ होतं तेच टोचायला लागतं, आणि मग तुम्ही त्याला नावं ठेवता. भाद्रपद लागलाच आहे. घरी जा, विळ्याला धार लावा आणि परत या. उशीर करू नका बाबांनो, यंदाची कणसं पोटात आली आहेत आणि मला आतून टोचायला लागलं आहे.